हवा बोटीत, माणूस पाण्यात

वर्धा जिल्ह्यातली पोरं पोहायला शिकायची ती विहिरीत. कमरेला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचा, आणि बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन येईल तो गावातला पट्टीचा. त्याचं भांडवल एकच, दमसास. असा गडी मालवणला जाऊन बोटीत बसला की गाइड त्याला पहिल्याच वाक्यात सांगतो, पाण्याखाली श्वास रोखायचा नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांसाठी जे ‘स्कूबा’ चालतं, त्यात पुष्कळदा सिलिंडर पाठीवर नसतोच. तो बोटीत राहतो आणि लांब नळीच्या टोकाचा माउथपीस तेवढा माणसाबरोबर खाली उतरतो. जगभर हा प्रकार हुक्का डायव्हिंग म्हणून ओळखला जातो. कुठे सिलिंडरऐवजी तराफ्यावरचा पेट्रोल कॉम्प्रेसर हवा पुरवतो, तर ‘निमो’सारखं बॅटरीवरचं छोटं यंत्र 3 मीटरपर्यंत. कल्पना जुनी आहे. रुकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंच जोडीने 1860 च्या दशकातच मागणीनुसार हवा सोडणारं यंत्र बनवलं होतं. कुस्तो आणि गान्याँ यांचं पाठीवरचं ॲक्वालंग आलं ते 1943 मध्ये.

मग साधी रबरी नळी तोंडात धरून का भागत नाही? कारण मीटरभर खालीसुद्धा पाणी छातीला असं दाबतं की वरची हवा ओढवत नाही. म्हणून हवा दाबाने पाठवावी लागते. माउथपीसमागच्या डबीत एक पातळ पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत येतो, तरफ दबते, झडप उघडते आणि त्या खोलीच्या दाबाइतकी हवा मिळते. श्वास सोडला की झडप बंद, नुसते बुडबुडे.

खरी गोम इथेच आहे. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 5 मीटरवर दीडपट. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना दीडपट फुगते. विहिरीत बुडी मारणाऱ्याने वरची हवा नेलेली असते, ती खाली आकसते आणि वर येताना मूळपदावर येते, म्हणून त्याला काही होत नाही. नळीवाल्याने मात्र घाबरून श्वास कोंडला आणि वर झेप घेतली, तर सव्वा-दीड मीटरचा फरकही फुप्फुस फाडू शकतो. पट्टीच्या पोहणाऱ्याची सवयच इथे त्याच्या मुळावर येते.

दुसरा धोका हवेचा. लोक बिनदिक्कत ‘ऑक्सिजन’ म्हणतात, पण नळीत असते ती साधी, दाबलेली हवा. कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट फुप्फुसात. बंदिस्त विहिरीत इंजिन चालवलं की आत उतरलेला माणूस का कोसळतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि सगळे अपघात पाण्याखालीच होतात असंही नाही. 24 मे 2022 रोजी मालवणच्या तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला.

वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे. तो होईल तेव्हा होईल; वर्धेकर आजही मालवणला जातातच. जाणाऱ्यांनी बोटीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्यावं, हवा कुठून भरली ते विचारावं, दमा असेल तर लपवू नये. हे विचारल्यावर चिडणाऱ्याची बोट सोडून द्यावी.