दंड कोणाला ?

हिंवाळ्यांत घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांस व्यायाम मिळावा, एवढ्याच हेतूनें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं बास्केटबॉल हा खेळ योजिला. त्याच खेळाच्या महाविद्यालयीन अजिंक्यपद-स्पर्धेचे दूरचित्रवाणीवरील हक्क २०१० सालीं चौदा वर्षांसाठीं १०.८ अब्ज डॉलरांस विकले गेले. या दोन घटनांमधील अंतरांतच प्रस्तुत विषयाचें मूळ आहे. ज्या सामन्यांवर एवढा पैसा उभा राहतो, त्यांतील उत्तम खेळाडू आपल्याच विद्यापीठांत यावा म्हणून बऱ्यावाईट मार्गांनीं धडपड होणारच. आणि ती मर्यादेबाहेर गेली म्हणजे दंड कोणास व कसा करावा, हा प्रश्नहि उभा राहणारच.

अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांचें नियमन मुख्यतः नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था करते. १९०६ सालीं स्थापन झालेली ही संस्था सरकारी नव्हे. महाविद्यालयांनीं आपल्यासाठीं आपणच निर्माण केलेली ती पंचायत आहे. तिच्या हातीं पोलीस नाहींत कीं तुरुंग नाहीं. शाळेंतील होतकरू खेळाडूस केव्हां भेटावें, त्याच्या घरीं कोणीं जावें, त्याला काय द्यावें आणि काय देऊं नये, याचे तिनें बारीकसारीक नियम केलेले आहेत. नियमभंगाची वार्ता आली म्हणजे तिचे अधिकारी चौकशी करतात, विद्यापीठापुढें आरोप मांडतात, आणि समिति दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. त्यावर अपीलहि करतां येतें.

दंडाचे प्रकार पायरीपायरीनें चढत जातात. संघास कांहीं वर्षें देखरेखीखालीं ठेवणें ही खालची पायरी. त्यानंतर द्रव्यदंड, खेळाडूंना द्यावयाच्या शिष्यवृत्त्यांत कपात, आणि नव्या खेळाडूंस भेटण्यावर निर्बंध. याहून कठोर म्हणजे मिळविलेले विजय नोंदींतून खोडणें आणि हंगामाच्या अखेरच्या अजिंक्यपद-स्पर्धेस संघास मुकविणें. संघाचा खेळच एक-दोन वर्षें बंद करणें ही शेवटची शिक्षा; तिला तेथील लोक ‘मृत्युदंड’ म्हणतात. बास्केटबॉलमध्यें तिचीं उदाहरणें विरळाच आहेत. खेळाडूंना नियमबाह्य पैसे मिळाल्याचें उघड झाल्यावर केंटकी विद्यापीठाला १९५२–५३ चा सबंध हंगाम सोडावा लागला. साउथवेस्टर्न लुइझियाना विद्यापीठाचा संघ तर १९७३ पासून सलग दोन हंगाम बंद होता.

विजय खोडण्याची शिक्षा वरवर पाहतां सौम्य भासते. कारण खेळला गेलेला सामना कोणासहि परत घेतां येत नाहीं. तथापि तिचा सल खोल असतो. लुइव्हिल विद्यापीठाच्या संघानें २०१३ सालीं अजिंक्यपद मिळविलें. पुढें असें उघडकीस आलें कीं, संघाच्या व्यवस्थेंतील एका कर्मचाऱ्यानें भेटीस आलेल्या होतकरू खेळाडूंसाठीं वसतिगृहांत वेश्या आणविल्या होत्या. २०१८ च्या फेब्रुवारींत अपील फेटाळलें गेलें. १२३ विजयांसह तें अजिंक्यपदहि रद्द झालें, आणि क्रीडागृहांतील विजयाचें निशाण उतरविण्यांत आलें. पुरुषांच्या बास्केटबॉलमधील राष्ट्रीय अजिंक्यपद अशा रीतीनें रद्द होण्याचा हा पहिलाच प्रसंग. ज्यांनीं घाम गाळून तो सामना जिंकला, त्या सर्वांचीच कमाई एका झटक्यांत पुसली गेली.

दंडनीतीची खरी कसोटी लागली ती पुढील प्रकरणांत. २०१७ च्या सप्टेंबरमध्यें अमेरिकन सरकारच्या गुप्त पोलिसांनीं दहा जणांस पकडलें. त्यांत चार विद्यापीठांचे दुय्यम प्रशिक्षक होते आणि बूट विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा अधिकारीहि होता. कंपनीच्या बाजूनें होतकरू खेळाडूंच्या कुटुंबांकडे पैसा जाई, तो त्यांनीं कंपनीशीं करार असलेल्याच विद्यापीठांत जावें म्हणून. आणि प्रशिक्षक लांच घेत, ते आपले खेळाडू ठरावीक दलालांच्या हवालीं करावे म्हणून. या प्रकरणांत सांपडलेल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठानें आपल्या प्रशिक्षकास त्याच वर्षीं काढून टाकलें. पुढें त्याला कारावासहि झाला. विद्यापीठास मात्र २०२० च्या जूनमध्यें एका वर्षाची स्पर्धाबंदी फर्मावली गेली. अपील २०२१ च्या नोव्हेंबरांत फेटाळलें गेलें. त्यामुळें २०२२ च्या स्पर्धेस मुकले ते लांचेच्या व्यवहाराशीं कसलाहि संबंध नसलेले विद्यार्थी ! उलट कॅन्सस विद्यापीठाच्या प्रकरणाचा निकाल लागला २०२३ च्या ऑक्टोबरांत. आणि त्यांत पंधरा विजय खोडले गेले, परंतु स्पर्धाबंदी झाली नाहीं. चौकशी चालू असतांनाच, २०२२ सालीं, त्या संघानें अजिंक्यपदहि पटकाविलें होतें.

एकाच सुमारास उघडकीस आलेल्या दोषांस असे भिन्न दंड होतात, तेव्हां चोर सोडून संन्याशाला सुळीं दिल्याची भावना लोकांत उत्पन्न झाली तर नवल नाहीं. खेळाडूस महाविद्यालयांत सामान्यतः चारच हंगाम मिळत आले आहेत. त्यांतला एक हिरावणें म्हणजे त्याच्या उमेदीचा चतुर्थांश हिरावणें होय. दोषी प्रशिक्षक मात्र निकाल लागेपर्यंत कित्येकदां दुसऱ्या विद्यापीठांत रुजू झालेला असतो. यासाठींच ‘कारणें दाखवा’ नांवाचा दंड योजिला आहे. तो व्यक्तीच्या मागें जातो. तिला कामावर ठेवूं पाहणाऱ्या विद्यापीठास त्या मुदतींत संस्थेपुढें जाब द्यावा लागतो. २०२२ च्या जानेवारींत संस्थेनें नवी घटना स्वीकारली, आणि दोषांत ज्यांचा हात नाहीं अशांना शक्य तोंवर शिक्षा भोगावी लागूं नये, हें तत्त्व तींत घातलें. पुढील वर्षीं टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघास दोनशेंहून अधिक नियमभंगांबद्दल ऐंशीं लक्ष डॉलर दंड झाला. स्पर्धाबंदी झाली नाहीं.

परंतु यालाहि दुसरी बाजू आहे. ज्या विद्यापीठाची तिजोरी भरलेली आहे, त्याला द्रव्यदंड हा धंद्यांतल्या खर्चासारखाच वाटण्याचा संभव असतो. स्पर्धाबंदीचें भय पार नाहींसें झालें, तर नियम पाळणाऱ्या संघाला न्याय कोण देणार ? शिवाय ज्या पैशासाठीं पूर्वी शिक्षा होत, त्यांतला बराचसा आतां उघड मार्गानें मिळूं शकतो. २०२१ च्या जुलैपासून आपल्या नांवाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा खेळाडूंस मिळाली. २०२५ च्या जुलैपासून न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठें स्वतःच, ठरविलेल्या मर्यादेंत, त्यांना पैसे देऊं लागलीं. म्हणून नियमांची गरज संपली असें नव्हे. मर्यादा आली कीं ती ओलांडण्याचा मोहहि आला.

तेव्हां शिक्षा किती कडक असावी, एवढ्यावरच हा प्रश्न मिटत नाहीं. ती किती लवकर होते आणि कोणाच्या वांट्याला येते, हें अधिक महत्त्वाचें. चौकशी पांच-सहा वर्षें रेंगाळली, तर सौम्य दंडहि अन्याय्य ठरतो. कारण तोंवर ज्यांनीं अपराध केला ते निघून गेलेले असतात आणि त्यांच्या जागीं अठरा-एकोणीस वर्षांचीं नवीं मुलें मैदानावर उभीं असतात.