बर्फातल्या गावाचा मैला

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुत प्रदेशात, पाँड इनलेट हे इनुइट लोकांचे गाव आहे. वस्ती सुमारे दीड हजार. तिथली जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे गटारे टाकणे अवघड. घरोघरी सांडपाण्याची टाकी असते. गाडी येते, नळीने मैला ओढते आणि गावाबाहेरच्या तलावात ओतते. पूर्वी त्या भागात बादलीचे संडास होते.

आम्हाला नवल वाटले ते तलावाचे. हिवाळाभर तो गोठलेला. उन्हाळ्यात मात्र सूर्य मावळतच नाही! बर्फ वितळते, शेवाळ प्राणवायू देते, जिवाणू घाण खातात. उन्हाळा सरताना वरचे पाणी सोडून देतात. थंडीमुळे पाणी पुरते शुद्ध होत नाही, हेही खरे. हिमवादळात गाडी अडली की टाकी भरते, घरच्यांचे हाल होतात.

पण या कामात कुणाला मैल्यात उतरावे लागत नाही. गाडी चालवणे ही पगारी नोकरी, जन्माने गळ्यात पडलेले काम नव्हे. आपल्याकडे १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात गुदमरून माणसे मरतात. ती कोणत्या वस्तीतली, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आहे.