बंद पडलेली दुचाकी आणि कार्बोरेटरची सफाई

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा येथील एखाद्या घराच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली मोटारसायकल घ्या. सणाला गावी आलेला धनी किक मारून थकतो, गाडी मात्र सुरू होत नाही. दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये असतो.

टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत साठते आणि जेटच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून हवेत मिसळून इंजिनात जाते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली, की पेट्रोलचा हलका अंश उडून जातो व मागे राहिलेला चिकट थर ही छिद्रे बुजवतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या मळीपासूनही तयार होणारे हे इथेनॉल ओलावा शोषते. त्यामुळे गंजाची भर पडते.

सफाईसाठी प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतले जुने पेट्रोल काढावे. फ्लोट, सुई, जेट व रबरी रिंगा क्रमाने सोडवून ठेवाव्यात. धातूच्या भागांवर क्लीनर फवारून छिद्रांत दाबाची हवा मारावी. तार मुळीच खुपसू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. सुई नीट न बसल्यास पेट्रोल वाहते आणि आगीचा धोका उद्भवतो. म्हणून हे काम मोकळ्या जागेत, विस्तवापासून दूर करावे. राजदूत ३५० सारख्या गाडीला दोन कार्बोरेटर असल्याने दोहोंचा मेळही जुळवावा लागतो.

गाडी पुन्हा ठेवून जाताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे. एवढ्या दक्षतेने पुढच्या वेळचा बराच त्रास वाचतो.