चौकोनातील चार सिलिंडर : एरियल स्क्वेअर फोरचे इंजिन आणि त्याची उष्णता

मोटरसायकलच्या इंजिनाला जागा फार थोडी मिळते. पुढे चाक, मागे चाक, वर पेट्रोलची टाकी आणि दोन्ही बाजूंना चालकाचे पाय यांच्यामध्ये जी पोकळी उरते तिच्यात ते बसवावे लागते, आणि जे इंजिन पाण्याने नव्हे तर केवळ वाऱ्याने थंड होणार असेल त्याच्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत तो वारा पोहोचेल अशी तजवीजही त्याच पोकळीत करावी लागते. भारतीय रस्त्यांवर परिचित असलेल्या बुलेटसारख्या गाडीत एकच सिलिंडर समोरच्या वाऱ्यात उभा असतो, त्यामुळे हा प्रश्न सहज सुटतो. परंतु चार-स्ट्रोक पद्धतीच्या अशा इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे गोल फिरण्यात रूपांतर करणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो आणि म्हणून त्याची शक्ती ठोक्याठोक्याने येते. सिलिंडर चार असले तर दर अर्ध्या फेरीला एक स्फोट घडवता येतो, शक्ती सलग वाहू लागते आणि गाडी वरच्या गियरमध्येही अगदी संथ वेगाने चालू शकते. हे चार सिलिंडर बसवायचे कोठे, या प्रश्नाला इंग्लंडमधील एरियल कंपनीने 1930 मध्ये जे उत्तर दिले, ते मोटरसायकलच्या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत त्रासदायक उत्तरांपैकी एक आहे.

त्या काळापर्यंत रूढ मार्ग असा होता की चारही सिलिंडर एकामागे एक, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे करावेत. बेल्जियममधील एफएन कंपनीने 1905 पासून आणि अमेरिकेतील हेंडरसनने 1912 पासून अशी यंत्रे विकली. ती सुरळीत चालत, पण लांबीने मोठी होत आणि त्यामुळे वळणावर जड वाटत. चार सिलिंडर आडवे, शेजारीशेजारी बसवले तर त्या वेळच्या अरुंद चौकटीच्या दोन्ही बाजूंना इंजिन बाहेर येई. एडवर्ड टर्नर या तरुण अभियंत्याने यांपैकी कोणताच मार्ग न घेता दोन सिलिंडर पुढे आणि दोन त्यांच्या लगेच मागे, अशी चौकोनी मांडणी सुचवली. लंडनच्या पेकहॅम भागात मोटरसायकलचे दुकान चालवणाऱ्या टर्नरने ही आकृती प्रथम सिगारेटच्या पाकिटावर काढली असे सांगितले जाते. 1928 च्या सुमारास तो ती घेऊन कारखान्यांचे दरवाजे ठोठावत होता आणि अखेर बर्मिंगहॅमच्या सेली ओक भागातील एरियलचे प्रमुख जॅक सँगस्टर यांनी त्याला कामावर घेतले.

पुढचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1930 च्या अखेरीस लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात 500 सीसीचे पहिले रूप मांडले गेले. त्याची झडपा उघडणारी कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या डोक्यावर होती व ती साखळीने फिरत असे. 1932 मध्ये क्षमता 601 सीसीपर्यंत वाढवण्यात आली आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. सँगस्टर यांनी ती विकत घेऊन पुन्हा उभी केली. 1937 च्या हंगामासाठी इंजिन जवळजवळ नव्याने रेखाटून 997 सीसीचे करण्यात आले. एव्हाना टर्नर ट्रायम्फ कंपनीकडे गेला होता आणि तेथे त्याने 1937 मध्येच स्पीड ट्विन हे दोन सिलिंडरचे यंत्र जगापुढे आणले, ज्याचे अनुकरण नंतर बहुतेक सर्व ब्रिटिश कारखान्यांनी केले. 1949 मध्ये स्क्वेअर फोरचे बीड धातूचे हेड आणि सिलिंडर जाऊन ॲल्युमिनियमचे आले, 1953 मध्ये चार एक्झॉस्ट नळ्यांचे शेवटचे रूप आले आणि 1959 मध्ये उत्पादन थांबले. जवळजवळ तीन दशके टिकलेल्या या सनावळीत एकच धागा आहे आणि तो पकडण्यासाठी इंजिनाच्या पोटात उतरावे लागते.

या इंजिनात दोन क्रँकशाफ्ट आहेत. पुढच्या दोन पिस्टनांचा एक आणि मागच्या दोन पिस्टनांचा दुसरा, असे ते एकमेकांना समांतर, गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेले असून त्यांच्यावरील दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे उसाच्या चरकातील दोन लाटांप्रमाणे ते नेहमी परस्परविरुद्ध दिशेने फिरतात. या रचनेचे पहिले फळ म्हणजे आटोपशीरपणा: चार सिलिंडरांचे इंजिन दोन सिलिंडरांच्या रुंदीत मावते, आणि टर्नरचा पहिला नमुना इतका हलका होता की तो 250 सीसीच्या गाडीच्या चौकटीत बसवता आला. दुसरे फळ समतोलाचे आहे. चौकोनाच्या कर्णावरील दोन पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि उरलेले दोन त्याच वेळी खाली जातात, म्हणून वरच्या वस्तुमानाला खालचे वस्तुमान उत्तर देते. शिवाय शाफ्ट उलटसुलट फिरत असल्यामुळे एकाच्या वेगबदलाने चौकटीला बसणारी पिळवटणारी प्रतिक्रिया दुसरा रद्द करतो. 997 सीसीचे यंत्र वरच्या गियरमध्ये ताशी 10 मैलांपासून 100 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 16 पासून 160 किलोमीटरपर्यंत नेता येते, अशी त्याची ख्याती होती. त्या सलग ओढीमुळेच साइडकार जोडून सबंध कुटुंब फिरवणाऱ्या ग्राहकांनी ते पसंत केले.

मात्र जोडणीची ही दातेरी चाके केवळ दोन शाफ्टांचा मेळ राखत नाहीत. गियरबॉक्सकडे जाणारी साखळी मागच्या शाफ्टवरून निघते, म्हणजे पुढच्या दोन सिलिंडरांनी निर्माण केलेली सगळी शक्ती या दातांमधून मागे यावी लागते. स्फोटांचा क्रम पाहिला तर भार आणखी स्पष्ट होतो. कर्णावरील जोडीपैकी एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा दुसरा ताजे मिश्रण आत ओढत असतो, आणि या हिशेबाने पुढच्या दोन सिलिंडरांचे स्फोट लागोपाठ होतात व त्यांच्यानंतर मागच्या दोघांचे. परिणामी एका फेरीत पुढचा शाफ्ट मागच्याला ढकलतो आणि पुढच्याच फेरीत मागचा पुढच्याला ओढतो. दातांवरचा दाब सतत बाजू बदलत राहतो. दोन दातांमधील फट किंचित जास्त झाली की इंजिन रिकामे चालताना तिचा खडखडाट ऐकू येतो, आणि ती फार कमी ठेवली तर इंजिन तापून धातू फुगल्यावर दात एकमेकांना घासू लागतात. 1937 च्या नव्या आराखड्यात ही चाके शाफ्टच्या मधल्या भागातून काढून डाव्या टोकाला नेण्यात आली, यावरून सेली ओकच्या अभियंत्यांना या जागेचे महत्त्व किती जाणवले होते हे दिसते.

दातांचा प्रश्न कौशल्याने आटोक्यात येण्यासारखा होता; उष्णतेचा तसा नव्हता. वाऱ्याने थंड होणाऱ्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाकळ्या ओतलेल्या असतात, ज्यांना फिन म्हणतात. त्यांच्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि वाहता वारा उष्णता घेऊन जातो. चौकोनी मांडणीत पुढच्या जोडीला हा वारा थेट मिळतो, पण मागची जोडी तिच्या आडोशाला उभी असते आणि तिच्या वाट्याला पुढच्या जोडीने आधीच तापवलेली हवा येते. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात असल्यामुळे त्यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता सहज बाहेर पडत नाही. यात एक्झॉस्टची रचना भर घालत असे: 1953 पर्यंत प्रत्येक बाजूच्या पुढच्या आणि मागच्या सिलिंडरचा जळालेला वायू एकाच मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे गोळा करणाऱ्या वाहिनीत, एकत्र होऊन एकाच नळीने बाहेर पडे आणि ती लालबुंद होण्याइतकी तापणारी वाहिनी हेडलाच चिकटलेली असे. ठोकळ्याचे वेगवेगळे भाग असे असमान तापले की हेड वाकते, हेड आणि सिलिंडर यांच्यामधले गॅस्केट फुटते आणि दाब गळू लागतो.

एरियलच्या अभियंत्यांनी या दोषाशी ज्या चिकाटीने झुंज दिली ती आदरास पात्र आहे. ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे तिपटीने चांगले उष्णतावाहक असते, म्हणून 1949 चा बदल वजन घटवण्याइतकाच उष्णता पसरवण्यासाठीही उपयोगी ठरला, आणि 1953 मध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देऊन मॅनिफोल्ड हेडपासून वेगळे करता येतील असे करण्यात आले. या शेवटच्या रूपात इंजिन सुमारे 40 अश्वशक्ती देत होते आणि रस्त्यावर ते पूर्वीच्या कोणत्याही स्क्वेअर फोरपेक्षा विश्वासार्ह होते. तरीही मागची जोडी मागेच राहिली. ज्या रचनेमुळे इंजिन आटोपशीर झाले तिच्यामुळेच ते तापत होते, आणि सिलिंडर एकमेकांपासून दूर नेले असते तर ते चौकोनी इंजिनच उरले नसते. एखाद्या यंत्राचा गुण आणि दोष इतके एकरूप असल्याची उदाहरणे अभियांत्रिकीत थोडी सापडतात, आणि जुन्या यंत्रांच्या अभ्यासकांना स्क्वेअर फोरचे जे आकर्षण वाटते त्याचे मूळ येथे आहे.

कल्पना चूक नव्हती, हे पुढे एका वेगळ्याच यंत्राने सिद्ध केले. 1970 च्या दशकात जपानच्या सुझुकी कंपनीने आरजी 500 हे शर्यतीचे यंत्र चौकोनातील चार सिलिंडरांवर उभारले, पण ते टू-स्ट्रोक होते आणि त्याचे सिलिंडर पाण्याने थंड होत. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण क्रँकशाफ्टच्या कोठडीतून येते आणि सुझुकीने त्यासाठी फिरत्या चकतीची झडप वापरली, जी शाफ्टच्या टोकालाच बसते; चौकोनी मांडणीत प्रत्येक सिलिंडरला असे मोकळे टोक मिळते, म्हणून तेथे हा चौकोन सोयीचाच नव्हे तर जवळजवळ अपरिहार्य ठरला. बॅरी शीनने 1976 आणि 1977 मध्ये, मार्को लुकिनेलीने 1981 मध्ये आणि फ्रँको उंचिनीने 1982 मध्ये सुझुकीच्या या मालिकेवर 500 सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. टर्नरच्या आकृतीला पाण्याचे आवरण मिळाले आणि मागच्या सिलिंडरांचा प्रश्न मिटला.

जी मूळ यंत्रे आज उरली आहेत त्यांना मात्र हे आवरण नाही, आणि त्यांना चालते ठेवणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. पहिली अडचण खोलण्या-जोडण्याची आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनवरच्या रिंगा बोटांनी दाबून वरून सिलिंडर सरकवता येतो; येथे चार पिस्टनांवर एकच जड ठोकळा उतरवावा लागतो. शाफ्ट फिरवून कर्णावरची एक जोडी वर आणायची, तिच्या रिंगा पट्ट्यांनी आवळून ठोकळा तिच्यावर बसवायचा आणि मग खालच्या जोडीपर्यंत तो सरळ राहील अशा बेताने उतरवायचा, हे काम दोन माणसांचे आणि भरपूर संयमाचे आहे, कारण एक रिंग तुटली तरी सगळे पुन्हा वर उचलावे लागते. दुसरी अडचण जोडणीच्या दातेरी चाकांची: ती परस्परांशी जुळलेल्या संचानेच बदलावी लागतात, आणि झिजलेल्या चाकाशेजारी नवे चाक बसवणाऱ्याला तो खडखडाट वाढलेलाच ऐकू येतो. 1939 मध्ये आलेली मागच्या चाकाची ॲन्स्टी लिंक स्प्रिंग-व्यवस्थाही अशीच आहे. साखळीचा ताण कायम राहावा म्हणून चाकाला कमानीत हलवणारी तिची रचना चतुर असली तरी तिच्यातील अनेक सांधे नियमित ग्रीस न मिळाल्यास सैल होतात आणि गाडी वळणावर डगमगू लागते.

तिसरी अडचण नवी आहे आणि तिचा संबंध पुन्हा उष्णतेशीच येतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि भारतात तर 20 टक्के मिश्रण सर्वत्र मिळू लागले आहे. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे जुना कार्ब्युरेटर पूर्वीच्या मापाने जे मिश्रण देतो त्यात हवेचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते, आणि असे विरळ मिश्रण इंजिन अधिक तापवते. नव्या गाड्यांतील संगणक हा फरक स्वतः भरून काढतो. जुन्या गाडीत तो कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, बदलून माणसालाच भरून काढावा लागतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करते व ओलावा शोषून टाकीत गंज चढवते. ज्या इंजिनाची मागची जोडी आधीच सहनशक्तीच्या काठावर उभी आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही, आणि महाराष्ट्रात वाऱ्याने थंड होणारी कोणतीही जुनी मोटरसायकल सांभाळणाऱ्यांनाही ती कमी-अधिक प्रमाणात लागू आहे.

या सर्वांहून मोठी चिंता ज्ञानाची आहे. सुटे भाग अजून मिळतात. इंग्लंडमध्ये एरियलचे भाग नव्याने बनवून विकणारे व्यवसाय आणि मालकांचे संघ आहेत, आणि रेखाटन हाती असेल तर दातेरी चाकही पुन्हा कापता येते. परंतु दातांमधील फट थंड इंजिनात किती ठेवली म्हणजे तापल्यावर ती योग्य होईल, हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आणि किती वेळा आवळावेत, खडखडाटाचा कोणता सूर धोक्याचा आणि कोणता नेहमीचा, हे ठरवणारी जाण कारागिराच्या हातात आणि कानात वर्षानुवर्षे तयार होते. ही यंत्रे मौल्यवान झाल्यामुळे अनेक मालक ती चकचकीत करून जागेवर उभी ठेवतात, आणि न चालणारे यंत्र दुरुस्त करण्याची वेळ येत नसल्याने नव्या कारागिराला शिकण्याची संधीच मिळत नाही. चौकोनी इंजिनाने शिकवलेला धडा, की कल्पनेची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते आणि ती रोज थोडी थोडी मोजत राहणे शक्य असते, हा तापलेल्या इंजिनाजवळ उभे राहूनच समजतो. म्हणून संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी निदान काही स्क्वेअर फोर रस्त्यावर चालवाव्यात, त्यांची प्रत्येक दुरुस्ती मापांसह लिहून ठेवावी आणि ती करताना शेजारी एखादा तरुण शिकाऊ असेल असे पाहावे. नव्याने कापलेले दातेरी चाकही ते बसवण्याची फट ठाऊक असलेल्या माणसाशिवाय उपयोगी पडत नाही.