अकरा दिवसांत ठरणारे भवितव्य : बीच सॉकरची आशियाई पात्रता स्पर्धा

समुद्रकिनाऱ्यावरील फुटबॉल म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा विरंगुळा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु 'बीच सॉकर' या नावाने ओळखला जाणारा वाळूवरील फुटबॉल हा स्वतंत्र नियम, स्वतंत्र राष्ट्रीय संघ आणि स्वतंत्र विश्वचषक असलेला खेळ आहे. मार्च २०२५ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत भारताचा संघ १८ वर्षांच्या खंडानंतर सहभागी झाला. हीच स्पर्धा विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. १६ संघ, विश्वचषकाच्या तीन जागा आणि २० ते ३० मार्च असे अकरा दिवस, एवढाच तिचा विस्तार होता. भारताला गटसाखळीच्या पुढे जाता आले नाही. मात्र या निमित्ताने ही पात्रता स्पर्धा नेमकी कशी चालते आणि तिच्यात यशस्वी होण्यासाठी काय लागते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

विश्वचषकाची वाट

वाळूवरील फुटबॉलचे माहेरघर ब्राझील. रिओ द जानेरोच्या कोपाकबाना किनाऱ्यावर हा खेळ अनेक दशके खेळला जात होता. त्याचे नियम १९९२ मध्ये निश्चित करण्यात आले आणि १९९५ मध्ये कोपाकबाना येथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली. जागतिक फुटबॉल महासंघाने म्हणजे 'फिफा'ने २००५ मध्ये ही स्पर्धा आपल्या छत्राखाली घेतली. त्या वर्षीचा पहिला फिफा विश्वचषक फ्रान्सने जिंकला. मँचेस्टर युनायटेडचा माजी आघाडीपटू एरिक कँटोना त्या संघाचा प्रशिक्षक होता. त्यानंतर मात्र ब्राझीलनेच वर्चस्व गाजवले. मे २०२५ मध्ये सेशेल्स येथे झालेल्या स्पर्धेतील विजेतेपद हे फिफाच्या कारकिर्दीतील ब्राझीलचे सातवे विजेतेपद होते.

विश्वचषक २००९ पर्यंत दरवर्षी होत असे. त्यानंतर तो साधारणपणे दोन वर्षांनी होऊ लागला. मुख्य स्पर्धेत १६ संघ खेळतात. सेशेल्समधील स्पर्धेत यजमानांना थेट प्रवेश होता. उर्वरित १५ जागांपैकी युरोपला चार, आशिया आणि दक्षिण अमेरिकेला प्रत्येकी तीन, आफ्रिकेला आणि उत्तर व मध्य अमेरिका-कॅरिबियन विभागाला प्रत्येकी दोन, तर ओशनियाला एक अशी विभागणी होती.

या जागांसाठीच्या पात्रता स्पर्धा गवतावरील फुटबॉलपेक्षा अगदी वेगळ्या असतात. फुटबॉल विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेऱ्या दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. त्यांत संघ एकदा मायदेशी आणि एकदा परदेशी खेळतात. त्यामुळे एखाद्या सामन्यातील पराभव पुढील सामन्यांत भरून काढता येतो. बीच सॉकरमध्ये सर्व संघ एकाच शहरात एकत्र येतात, जवळपास रोज सामने होतात आणि निकाल लागतो. पट्टाया येथे १६ संघांचे चार गट पाडण्यात आले होते. प्रत्येक संघाला गटात तीन सामने मिळाले. पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि तेथून बाद पद्धत सुरू झाली.

जागा तीन असल्यामुळे एक वेगळीच परिस्थिती निर्माण होते. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन्ही संघांचा विश्वचषक प्रवेश उपांत्य सामन्यातच निश्चित होतो. उपांत्य फेरीत हरलेल्या दोन संघांसाठी मात्र तिसऱ्या क्रमांकाची लढत हीच खरी अंतिम लढत ठरते. इतर स्पर्धांत औपचारिक मानला जाणारा हा सामना येथे सर्वाधिक चुरशीचा होतो, तो याच कारणाने.

वाळूमुळे बदललेले नियम

बीच सॉकरचे मैदान ३५ ते ३७ मीटर लांब आणि २६ ते २८ मीटर रुंद असते. गोलजाळे ५.५ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलमधील ७.३२ मीटर रुंदीच्या जाळ्यापेक्षा लहान असते. गोलरक्षकासह पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. ते अनवाणी खेळतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. प्रत्येकी १२ मिनिटांची तीन सत्रे होतात. ऑफसाइडचा नियम नाही. चेंडू नेहमीच्याच आकाराचा असतो, परंतु पायांना इजा होऊ नये म्हणून त्यात हवेचा दाब कमी ठेवतात.

या सर्वांहून महत्त्वाची असते ती वाळू. तिचा थर किमान ४० सेंटीमीटर जाडीचा असावा लागतो. ती बारीक असावी आणि तिच्यात शिंपले, खडे किंवा अन्य टोकदार वस्तू असू नयेत, असा दंडक आहे. अशा मऊ वाळूवर चेंडू सरळ घरंगळत नाही. जमिनीलगत दिलेला पास उंचवट्याला लागून भलतीकडेच वळतो. म्हणून खेळाडू चेंडू पायाने अलगद उचलून हवेतच एकमेकांकडे देतात. डोक्यावरून मागे मारली जाणारी 'बायसिकल किक' गवतावर क्वचित पाहायला मिळते; वाळूवर ती नित्याची बाब आहे. मैदान लहान असल्याने गोलरक्षकाने हाताने फेकलेला चेंडूही थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ पोहोचतो आणि तोच आक्रमणाचा आरंभ ठरतो.

नियमभंगाची शिक्षाही कडक आहे. फ्री किक घेतली जात असताना बचाव करणाऱ्या संघाला खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. मैदान एवढे लहान असताना जवळपास कोठूनही मिळालेली फ्री किक ही गोलची संधी असते. त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून आठ-नऊ गोल होणे यात नवल नसते. तीन-चार गोलांची आघाडीही सुरक्षित मानली जात नाही.

गुणांचे गणित

या खेळात सामना बरोबरीत सुटत नाही. निर्धारित ३६ मिनिटांत निकाल लागला नाही, तर तीन मिनिटांचा जादा वेळ दिला जातो. त्यानंतरही बरोबरी राहिल्यास पेनल्टी किकवर निर्णय होतो. गटसाखळीत निर्धारित वेळेतील विजयाला तीन गुण, जादा वेळेतील विजयाला दोन आणि पेनल्टीवरील विजयाला एक गुण मिळतो. हरणाऱ्या संघाला, पराभव कोणत्याही टप्प्यावर झाला असला तरी, एकही गुण मिळत नाही.

या पद्धतीचा परिणाम मोठा आहे. गटातील तिन्ही सामने पेनल्टीवर जिंकणाऱ्या संघाच्या खात्यावर तीन गुण जमा होतात. एकच सामना निर्धारित वेळेत जिंकून उर्वरित दोन हरणाऱ्या संघाचेही गुण तीनच होतात. गवतावरील फुटबॉलमध्ये दुबळा संघ बलाढ्य संघाला बरोबरीत रोखून एक गुण मिळवू शकतो. येथे बचावात्मक खेळून सामना लांबवण्याने हाती काहीच लागत नाही. अखेरच्या मिनिटांत बरोबरी असली, तर दोन्ही संघ धोका पत्करून आक्रमण करतात. नवख्या संघांना हे दडपण विशेष जाणवते.

इराणला बसलेला फटका

एका अपयशाची किंमत किती मोठी असू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे इराण. २०१७ मध्ये इराण आशियाई विजेता होता. त्याच वर्षी बहामाज येथील विश्वचषकात त्याने तिसरे स्थान मिळवले. २०१८ मध्ये दुबईतील आंतरखंडीय चषकही त्याने जिंकला. तरीही २०१९ च्या पट्टाया येथील पात्रता स्पर्धेत इराणला पहिल्या तीन संघांत स्थान मिळाले नाही. जपान, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान हे संघ पॅराग्वे येथील विश्वचषकासाठी पात्र ठरले.

इराणला पुढील संधी २०२१ मध्ये मिळणार होती. परंतु कोरोनाच्या साथीमुळे थायलंडमधील नियोजित पात्रता स्पर्धा रद्द झाली. आशियाई फुटबॉल महासंघाने जपान, ओमान आणि अमिराती या संघांची थेट निवड केली. मॉस्को येथील त्या विश्वचषकात जपानने अंतिम फेरी गाठली, तर इराण पुन्हा बाहेरच राहिला. एका पात्रता स्पर्धेतील अपयशामुळे आणि दुसरी न झाल्यामुळे जगातील आघाडीच्या संघांपैकी एक संघ सलग दोन विश्वचषकांना मुकला.

इराणने २०२३ मध्ये अंतिम सामन्यात जपानवर ६-० अशी मात करून आशियाई विजेतेपद परत मिळवले. दुबई येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या विश्वचषकात तो पुन्हा तिसरा आला. २०२५ मध्येही तोच आशियाई विजेता ठरला. त्याच्यासह ओमान आणि जपान यांनी सेशेल्सचे तिकीट मिळवले.

किनारा नसलेले देश

समुद्रकिनारा लाभलेल्या देशांनाच हा खेळ साधतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे नाही. २००९ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंड उपविजेता होता. २०२५ मध्ये बेलारूसने अंतिम फेरी गाठली आणि ब्राझीलकडून त्याला ४-३ असा निसटता पराभव पत्करावा लागला. २०१९ चा विश्वचषक भरवणारा पॅराग्वेही समुद्रापासून दूर आहे. या तिन्ही देशांना समुद्रकिनाराच नाही. इराणला किनारा आहे, परंतु तेथील साखळी स्पर्धेत याझ्दसारख्या वाळवंटी शहरातील क्लबांनीही आपला ठसा उमटवला आहे.

यामागील कारण सोपे आहे. स्पर्धेचे मैदान हे नैसर्गिक किनारा नसून मुद्दाम तयार केलेले वाळूचे मैदान असते. ते शहराच्या मध्यभागीही उभारता येते आणि छताखाली हिवाळ्यातही वापरता येते. उलट, निसर्गतः लाभलेला प्रत्येक किनारा या खेळाला उपयोगी असतोच असे नाही. कोकणातील अनेक किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी मुले फुटबॉल खेळतात ती ओली, घट्ट बसलेली वाळू असते. तिच्यावर चेंडू घरंगळतो आणि धावणेही सोपे जाते. स्पर्धेतील कोरड्या, भुसभुशीत वाळूवर पाय रुततो, प्रत्येक पावलाला अधिक जोर लागतो आणि काही मिनिटांतच दम लागतो. खेळाडूंच्या सततच्या अदलाबदलीची सोय आहे, ती यासाठीच.

भारताचे स्थान

भारताला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. तरीही २००७ मधील सहभागानंतर भारताचा संघ आशियाई पात्रता स्पर्धेत दिसला नाही. देशात या खेळाची राष्ट्रीय स्पर्धाच होत नव्हती. राज्य संघ नव्हते, त्यामुळे राष्ट्रीय संघ निवडण्याला आधारही नव्हता.

ही स्थिती २०२३ मध्ये बदलू लागली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा गुजरातमधील सुरत येथे भरवली. अंतिम सामन्यात केरळने पंजाबचा १३-४ असा पराभव केला. किनारा नसलेल्या पंजाबने अंतिम फेरी गाठावी, ही गोष्ट स्वित्झर्लंड आणि बेलारूसच्या कामगिरीशी जुळणारी आहे. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाचा समावेश झाला आणि सुवर्णपदक पुन्हा केरळलाच मिळाले. मे २०२५ मध्ये दीव येथे पार पडलेल्या पहिल्या 'खेलो इंडिया बीच गेम्स'मध्येही बीच सॉकरला स्थान होते.

सुरतची स्पर्धा आणि पट्टायातील पुनरागमन यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. भारताच्या गटात यजमान थायलंड, कुवेत आणि लेबनॉन हे संघ होते. हे देश आशियाई स्पर्धांत नियमित खेळत आले आहेत. तीन सामन्यांत अशा प्रतिस्पर्ध्यांशी जुळवून घेणे नव्या संघासाठी अवघडच होते.

इराण आणि जपान यांच्या यशामागे सातत्य आहे. इराणमध्ये देशांतर्गत साखळी स्पर्धा चालते. जपानने ब्राझीलमध्ये जन्मलेल्या ओझू मोरेरा याला २०१२ मध्ये नागरिकत्व दिले. तो आधी प्रमुख खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक बनला. २०१९ च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याने मिळवला. अशा देशांतील खेळाडू गवतावरून आलेले हंगामी पाहुणे नसतात. वाळू हेच त्यांचे मैदान असते.

भारतापुढील प्रश्न त्यामुळे किनाऱ्याचा नाही. राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी होणे, काही शहरांत प्रमाणित वाळूची कायमस्वरूपी मैदाने असणे आणि पात्रता स्पर्धेपूर्वी परदेशी संघांशी पुरेसे सामने मिळणे, या तीन गोष्टींवर पुढील वाटचाल अवलंबून आहे. गोवा आणि महाराष्ट्रातील फुटबॉल संघटनांनाही यात मोठा वाव आहे. पात्रता स्पर्धा अकरा दिवसांत संपते आणि चूक सुधारण्याची संधी दोन वर्षांनीच येते. मधल्या काळात संघ वाळूवर किती खेळला, याचा हिशेब तेथे पहिल्याच सामन्यात लागतो.