दुसऱ्या इंजिनाचे हेड आपल्या ब्लॉकला बसेल काय?

राजूरहून बारीमार्गे घोटीकडे निघालेली जुनी डिझेल जीप घाटात तापते. रेडिएटरमध्ये पाणी बुडबुडू लागते आणि तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तेलाला दुधाळ चहाचा रंग आलेला असतो. अकोले तालुक्यातील कोणताही जाणता चालक मग एकाच वाक्यात निदान करतो : 'हेड गेले.' नवे हेड महाग आणि जुन्या गाड्यांसाठी ते मिळेलच असेही नाही. भंगाराच्या दुकानात मात्र दुसऱ्या कुठल्या तरी जीपचे हेड पडलेले असते. दिसायला जवळपास तसेच, चार सिलिंडरांचे. 'थोडे घासू, दोन भोके पाडू, बसेल की!' असे सांगणाराही भेटतो. बसते खरे, पण कधी, आणि कधी मुळीच नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे ज्या ओतीव ठोकळ्यात पिस्टन वर-खाली होतात तो भाग. त्यावर बोल्टांनी आवळलेले असते ते हेड. लांबून ते झाकणासारखे दिसते. परंतु इंधनाच्या ज्वलनाची जागा, हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह आणि डिझेल फवारणारी नोझल यांचा संसार बहुतेक इंजिनांत तेथेच असतो. हेड व ब्लॉक यांच्यामधील सपाट सांध्यातून आग, पाणी आणि तेल अगदी शेजारी शेजारी, तरीही एकमेकांना न भेटता जावे लागते. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम एक पातळ गॅसकेट करते. हे तिन्ही मार्ग दोन वेगळ्या इंजिनांत एकाच ठिकाणी असावेत, याला काहीच कारण नाही.

हेड बदलल्याने काय काय बदलते, याचे उदाहरण आपल्या रस्त्यांवर अनेक दशके धावत होते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या २.२ लिटर इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असत आणि त्याचे हेड खरोखरच झाकणवजा होते. ताकद साधारण ६० अश्वशक्ती. युद्धानंतर कंपनीचे अभियंते बार्नी रूस यांनी त्याच आकारमानाच्या इंजिनासाठी नवी रचना केली. धूर सोडणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिला, हवा घेणारा मात्र मोठा करून हेडमध्ये नेला. 'हरिकेन' नावाच्या या इंजिनाने ७० अश्वशक्तीचा टप्पा ओलांडला. पण त्यासाठी केवळ हेड बदलून भागले नाही. ब्लॉकमधील हवेचे जुने मार्ग गेले, पुशरॉडसाठी नव्या वाटा ठेवाव्या लागल्या आणि ब्लॉकचे ओतकामच बदलले. शिवाय इंजिन उंच झाले. ते मावावे म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट वर उचलले गेले. पुढे महिंद्रने हीच जीप भारतात बनवली. आपल्याकडच्या जीपचे ते उंच, काहीसे बेढब कपाळ म्हणजे एका हेडची कहाणी आहे, हे तिच्यात कोंबून बसलेल्या किती प्रवाशांना ठाऊक असेल?

कारखान्याबाहेरही असे प्रयत्न झाले. १९४० च्या दशकात झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने आपल्या भावासह फोर्डच्या व्ही-८ ब्लॉकसाठी 'आर्डन' हेड बनवले. या फोर्ड इंजिनाचा तप्त धूर ब्लॉकमधूनच बाहेर पडे आणि ट्रक फार तापत. व्ही-८ च्या दोन्ही बाजूंच्या हेडमध्ये सारे व्हॉल्व्ह वर नेल्याने तो मार्गच टळला. मात्र हे हेड त्याच ब्लॉकची मापे घेऊन मुद्दाम घडवलेले होते. भंगारातून उचललेले नव्हते.

आता राजूरच्या जीपकडे वळू. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनासाठी करार केला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, असा त्या नावाचा अर्थ. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर, म्हणजे एकूण २,११२ घनसेंटिमीटर. नंतरच्या महिंद्र गाड्यांत आलेल्या एमडीआय मालिकेतील २,५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा व्यास ८८.९ मिलिमीटर. म्हणजे साडेतीन इंच, कारण त्याची पाळेमुळे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनांत आहेत. ९० आणि ८८.९! दोन्ही हेडे शेजारी ठेवली तर डोळ्यांना सिलिंडरांच्या व्यासातला फरक कळणार नाही. फसगत होते ती इथेच.

प्युजोच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी गोल कोठडी असते. हवा त्या कोठडीत दाबली जाते, तिथे भोवऱ्यासारखी फिरते आणि डिझेल तिथेच पेट घेते. पिस्टनचा माथा त्यामानाने सपाट असतो. एमडीआय म्हणजे थेट फवारणीचे इंजिन. त्यात कोठडी नसते, पिस्टनच्या माथ्यावरच वाटी कोरलेली असते. आता कोठडीवाले हेड वाटीवाल्या पिस्टनवर ठेवले तर काय होईल? बोल्टांच्या जागा कशाबशा जुळवल्या, असे गणितापुरते समजू. एमडीआयच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे ६३१ घनसेंटिमीटर हवा मावते. संपीडन गुणोत्तर, म्हणजे कारागीर ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात ते, १८ धरले तर हवा दाबून उरणारी जागा ३७ घनसेंटिमीटर होते. त्यात कोठडीची २५ मिळवली की ६२. गुणोत्तर थेट ११ वर येते. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ११ वर ते पेटायचे नाही. शिवाय दोन्ही पद्धतींच्या नोझल आणि फवारणीचे दाबही वेगळे. या जोडीचा नाद सोडलेलाच बरा.

एकाच घराण्यातील इंजिनांत आशा असते, पण तिथेही आकडेमोड चुकत नाही. प्युजोचेच थोरले भावंड २,४९८ घनसेंटिमीटरचे आहे, व्यास ९४ आणि धाव ९०. दोन्हींचे गुणोत्तर २२ धरू. थोरल्याचे हेड धाकट्याच्या ब्लॉकवर बसवले, तर ते १९ च्याही खाली उतरते. राजूरच्या थंडीत हीटर प्लग तापवत बसा! उलट केले, म्हणजे धाकट्याचे हेड थोरल्यावर बसवले, तर ते २६ च्या जवळ जाते आणि गॅसकेट व बेअरिंगे त्याचा हिशेब चुकता करतात. नुसते अर्धा मिलिमीटर जाड गॅसकेट लावले तरी धाकट्या इंजिनाचे २२ साडेएकोणिसाच्या आसपास येते. 'जरा जाड पॅकिंग टाकून घ्या' हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

आकडे जुळले, तर कारागिराचे खरे काम सुरू होते. ब्लॉकचे गॅसकेट दुसऱ्या हेडवर अंथरले की निम्मी कथा कळते. बोल्टाचे भोक किंचित सरकलेले असेल तर ते रुंदावता येते. जास्त सरकले असेल तर भोक भरून नवे पाडावे लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर वेल्डिंग केले की उष्णतेने ते वाकते आणि पुन्हा सपाट करणे आले. पाण्याची भोके हा तर नाजूक विषय. गॅसकेटमध्ये ती लहान-मोठी असतात ती चुकून नव्हे. पाणी पंपापासून दूरच्या सिलिंडरपर्यंत पोचावे म्हणून त्यांची मापे ठरवलेली असतात. उत्साहाच्या भरात सगळी सारखी मोठी केली, तर पाणी जवळच्या वाटेने परतते आणि मागचा सिलिंडर भाजून निघतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, घाटात कळते. रॉकरला तेल पोचवणारे बारीक भोक बुजले, तर त्याचा पत्ता सगळ्यात उशिरा लागतो.

हेड घासले की ते खाली येते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ सरकतात. डिझेलमध्ये पिस्टन माथ्याशी हेडच्या इतका जवळ येतो की मिलिमीटरभर फटही जेमतेम उरते. म्हणून जुने कारागीर पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवतात, हेड आवळतात, इंजिन हाताने एक फेरा फिरवतात आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजतात. ही पायरी टाळणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदोपत्री एक गंमत आहे. नोंदणीपुस्तकात जो इंजिन क्रमांक असतो तो ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड बदलले तरी कागद तसाच राहतो. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाचा मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारांना मनाई करते, आणि चुकीच्या हेडचा काळा धूर तपासणी केंद्राच्या यंत्राला दिसतोच.

खरे तर भंगारातील हेड विकत घेण्याआधी स्वतःचे जुने हेड तपासून घ्यावे. त्याच्या पाणवाटा बंद करून, आत हवा भरून ते गरम पाण्यात बुडवले की तडा कुठे आहे ते बुडबुडे सांगतात. पुष्कळदा हेड फुटलेले नसतेच, नुसते वाकलेले असते आणि ते सपाट करून नव्या गॅसकेटवर भागते. ते बसवल्यावर बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. इंजिन तापवून, पूर्ण गार होऊ देऊन, उत्पादकाने सांगितले असेल तर पुन्हा आवळावेत. आणि पहिली फेरी प्रवासी किंवा दुधाचे कॅन न घेता, बारीच्या घाटापर्यंत जाऊन परत यावे, पाण्याचा डबा सोबत ठेवून.