सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार : योग्य उपचारकाची निवड

भावनांचे तीव्र चढउतार, नात्यांतील अस्थैर्य आणि स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती ही ज्याची प्रमुख लक्षणे आहेत, त्या सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारावर औषधांपेक्षा मानसोपचार, म्हणजे संवादातून होणारा नियमित उपचार, अधिक महत्त्वाचा मानला जातो. त्यामुळे ठाण्याजवळच्या दिवा येथील रुग्णाने ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेत चौकशी करताना, औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांतील भेद ध्यानात घ्यावा. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या ‘डीबीटी’चे, म्हणजे भावना आवरण्याची व संकट सोसण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे, प्रशिक्षण उपचारकाने घेतले आहे का, हेही विचारावे. तातडीच्या प्रसंगी १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते.